पॉलिश सुकेपर्यंत

आरसेभाऊंचं खरं नाव कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही ते बहुधा सही करण्यापुरतंच आठवत असावं. लाकडी सामानाच्या त्या कारखान्यात ते पॉलिशचं काम करायचे. त्यांनी पॉलिश केलेल्या कपाटाच्या दारात माणसाला आपला चेहरा मिशीच्या केसांसकट दिसायचा, म्हणून ते आरसेभाऊ. एकदा एक गिऱ्हाईक नवं टेबल न्यायला आलं आणि त्यावर वाकून निवांत भांग पाडून गेलं. ही गोष्ट भाऊ नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. जुन्या माणसांना दर महिन्याला.

पॉलिशचं काम म्हणजे निम्मं वाट बघण्याचं काम. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा त्यात बुडवून पिळायचा आणि लाकडावरून एक हात फिरवायचा. मग थांबायचं. तो हात सुकला की काचपेपर मारायचा, दुसरा हात द्यायचा, पुन्हा थांबायचं. चांगल्या टेबलाला असे कितीतरी हात लागतात. ओल्या पॉलिशला बोट लागलं की ठसा उमटतो, आणि ठसा उमटला की खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. स्पिरिट म्हणजे भडका घ्यायला टपलेलंच, त्यामुळे त्या खोलीत काडी ओढायची सोय नाही. तेव्हा भाऊ एक हात द्यायचे, दार ओढून घ्यायचे, मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ बसायचे आणि सिगारेट पेटवायचे. सिगारेट संपायची आणि हात सुकायचा, दोन्ही एकदमच. लग्नाला जितकी वर्षं झाली होती तितकीच वर्षं हे गणित चाललं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं.

त्यामुळे कारखान्यात भिंतीवर घड्याळ असलं तरी वेळ चालायची ती भाऊंच्या सिगारेटीवर. मोठ्या सुताराने बिजागऱ्या कधी बसवू म्हणून विचारलं की भाऊ म्हणायचे, दोन सिगारेटींनी ये. कारखाना चालवणाऱ्या बाई फार काटेकोर, पण सवय कुणाला सोडते? एकदा त्यांनीही एका गिऱ्हाइकाला फोनवर सांगून टाकलं की तुमच्या खुर्च्यांना अजून चार सिगारेटी लागतील. तो भला माणूस कागदात गुंडाळून चार सिगारेटी घेऊन हजर झाला आणि या कुठे जमा करायच्या म्हणून विचारू लागला. भाऊंनी त्या जमा करून घेतल्या. आलेल्या माणसाचं मन मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

हे सगळं सुखाने चाललं असतं, पण मध्ये एक जिना आला. एका घरी भिंतीतल्या कपाटाला शेवटचा हात द्यायचा होता. तिसरा मजला, लिफ्ट बंद. भाऊ पॉलिशची बाटली आणि बोळ्यांची पिशवी घेऊन चढू लागले. दुसऱ्या मजल्याशी त्यांना धाप लागली, म्हणून भिंतीचा रंग तपासायला आल्यासारखे ते कठड्याला टेकून उभे राहिले. मागून एक आजीबाई आल्या, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. त्या भाऊंना ओलांडून पुढे गेल्या, वरच्या पायरीवर थांबल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, तुमची पिशवी वर नेऊन देऊ का? भाऊंनी मान हलवून नको म्हटलं, कारण बोलण्याइतका श्वास शिल्लक नव्हता. कसेबसे वर पोचले तर कपाट त्याच आजीबाईंचं निघालं. त्यांनी दारातच खुर्ची मांडून शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला होता.

ही गोष्ट भाऊंनी मात्र कुणालाही ऐकवली नाही. ते मुकाट्याने डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग एका यंत्रात फुंकायला लावलं. भाऊंनी डोळे बाहेर येईपर्यंत फुंकलं तरी काटा जेमतेम हलला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्पिरिटच्या वाफा आणि वर हा धूर, दोन्ही या छातीला झेपायचं नाही. सिगारेट सोडलीत आणि खिडक्या उघड्या ठेवून, तोंडाला पट्टी बांधून काम केलंत, तर पॉलिश अजून पुष्कळ वर्षं करता येईल. नाही सोडलीत तर बोळा लवकरच खाली ठेवावा लागेल. काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

ठरवायला काही उरलंच नव्हतं. भाऊंना पॉलिशखेरीज दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. आरसे गेले तर मागे नुसते भाऊ उरणार, आणि तसे भाऊ गल्लीबोळात पैशाला पासरी मिळतात. घरी जाता जाता त्यांनी सिगारेट सोडली. काय म्हणाल्या डॉक्टर, असं घरी बायकोने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, काही नाही, हवा बदललीय.

खोटं बोलण्यामागे कारण होतं. सिगारेट त्यांनी याआधीही सोडली होती, अनेकदा आणि दणक्यात. दर वेळी बायको आनंदाने सगळ्या नातेवाइकांना कळवायची आणि दर वेळी भाऊंचं नाक कापलं जायचं. मागच्या खेपेला मेहुणा मुद्दाम अभिनंदन करायला घरी आला आणि भाऊ कुठेत म्हणून गच्चीवर गेला, तर भाऊ धुराच्या ढगात उभे. म्हणून या वेळी अळीमिळी गुपचिळी. जमलं तर सांगू, नाही जमलं तर काही झालंच नव्हतं.

पहिले काही दिवस कसे गेले ते न सांगितलेलं बरं. भाऊंनी लवंगा चघळल्या तर जीभ भाजल्यासारखी झाली. गोळ्या चोखल्या तर दाढ ठणकली. मोठ्या सुताराची कानावरची पेन्सिल नाहीशी झाली ती भाऊंच्या तोंडात सापडली, आणि तोवर तिचं टोक कुठलं हेही कळेनासं झालं होतं. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला हा माणूस आता करवतीच्या मशीनवरही खेकसायचा. खिळे सांडले म्हणून ते खिळ्यांनाच दम देताना दिसले.

पण खरी पंचाईत पुढेच होती. भाऊंना वाटलं होतं की सिगारेट सोडायची म्हणजे धूर सोडायचा. त्यांनी हात दिला, दार ओढलं, टाकीजवळ जाऊन बसले, आणि आता करायचं काय? ते उठले, आत आले, सुकलं का बघायला एक बोट लावलं. ठसा. खरवडलं, पुन्हा हात दिला, पुन्हा बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बोट. घड्याळ लावून पाहिलं तर ते घड्याळासमोर उभे राहून काट्याला डोळ्यांनी ढकलू लागले आणि काटा अर्ध्यावर असतानाच आत शिरले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपला हात चांगला आहे. आता कळलं की हाताला तितका वेळ दुसरीकडे गुंतवून ठेवणारी गोष्ट तोंडात होती.

त्यातच एका हॉटेलचं भलंमोठं जेवणाचं टेबल पॉलिशला आलं. एकसंध लाकूड, सुंदर रेषा, मोठ्या सुताराने जीव ओतून रंधा मारलेलं. भाऊंनी त्यावर आठवडाभरात ठशांची अशी रांग उठवली की पोलिसांनी येऊन नमुने न्यावेत. मोठा सुतार टेबलाभोवती फिरला आणि काही न बोलता निघून गेला. तो ओरडला असता तर भाऊंना बरं वाटलं असतं.

मग कारखान्यात एक गंमत सुरू झाली. बाईंनी भाऊंना आत बोलावलं, दार लावलं, सिगारेट सोडल्याबद्दल तोंडभरून कौतुक केलं आणि आवाज खाली आणून विचारलं, एवढ्या टेबलापुरती ओढता का? मोठा सुतार तर त्याहून पुढे गेला. या माणसाने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती, उलट भाऊंच्या धुराने आपल्याला शिंका येतात अशी त्याची कायमची तक्रार. तो एके दुपारी टाकीजवळ येऊन भाऊंच्या शेजारी बसला, कुठून तरी आणलेली सिगारेट पेटवली आणि भाऊंच्या दिशेने धूर सोडला. हेतू असा की वास नाकात गेला की भाऊंची तल्लफ जागी होईल. झालं भलतंच. त्याला असा ठसका लागला की भाऊंनाच त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसावं लागलं, आणि त्या गडबडीत आतला हात मात्र मस्त सुकला.

तल्लफ जागी व्हायला ती झोपली होती कुठे? भाऊंचा हात दर थोड्या वेळाने आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा. पूर्वी तिथे पाकीट असायचं, आता फोन असायचा. एका दुपारी हात असाच गेला, फोन बाहेर आला, आणि आलाच आहे तर म्हणून भाऊंनी बायकोला लावला.

बायको घरी शिवणकाम करायची. नवे कपडे नाही, जुनेच नीट करून द्यायचे: पॅन्टला दुमड घालणं, अडकलेली चेन बदलणं, वाढलेल्या पोटासाठी कंबर सोडणं. फोन उचलताच ती म्हणाली, काय झालं, पडलात का? भाऊ म्हणाले, नाही. कुणी गेलं का? नाही. मग डबा विसरलात का? तोही नाही. मग फोन कशाला केलात?

"सहजच," भाऊ म्हणाले.

पलीकडे शिवणयंत्र थांबलं. लग्न झाल्यापासून भाऊंनी तिला सहज म्हणून फोन केल्याचं तिच्या आठवणीत नव्हतं. तुमच्या शेजारी कोण आहे, असं तिने सावधपणे विचारलं. कुणी नाही, म्हणाले. काय शिवतेयस? ती म्हणाली, पॅन्टची चेन. कसली? निळी. मग ती आपणहून सांगू लागली की ही पॅन्ट ज्याची आहे तो दर दोन महिन्यांनी कंबर सोडून घ्यायला येतो आणि दर वेळी धोब्याला शिव्या देतो, की याने पॅन्ट आटवली. आता सोडायला आतून कापडच उरलेलं नाही, हे त्याला कसं सांगावं? भाऊ हसले. फोन ठेवून आत गेले, बोट लावण्याऐवजी कडेने तिरकं पाहिलं, तर हात सुकला होता.

तेव्हापासून भाऊ दर हाताला बायकोला फोन करू लागले. फोनचा एक नियम त्यांच्या लवकरच ध्यानात आला. बायको रागावली की फट्दिशी फोन ठेवायची आणि टेबल ओलंच राहायचं. म्हणजे हात सुकेपर्यंत तिला खूश ठेवणं आलं. हे काम पॉलिशपेक्षा अवघड होतं, पण भाऊ मुळात चिकाटीचे. त्यांनी कालच्या भाजीची स्तुती केली. पडद्यांची केली. एकदा काहीच सुचेना तेव्हा, तुझा आवाज फोनवर छान येतो, असं म्हणून बसले. त्यावर ती इतका वेळ गप्प राहिली की भाऊंना वाटलं लाइन तुटली.

हळूहळू त्यांना त्या फोनची गोडीच लागली. पॅन्ट आटणारा माणूस आज आला का, याची चौकशी ते सकाळी पहिल्या हातालाच करायचे. बायको फोन मशीनशेजारी स्पीकरवर ठेवायची, त्यामुळे कपडे घेऊन येणारी गिऱ्हाइकंही मधूनच भाऊंना नमस्कार घालायची. शेवटी त्या माणसाला तिने सांगून टाकलं की कापड संपलंय, आणि तो उदास होऊन म्हणाला, मग मीच काहीतरी कमी करतो. हे ऐकून भाऊ इतके हसले की टाकीवरचे कावळे उडाले. हॉटेलचं टेबल गुळगुळीत होऊ लागलं. मोठा सुतार ओझरतं बघून जायचा आणि मान हलवायचा.

घरीही वारं फिरलं होतं. ओले टॉवेल खाटेवर टाकले तरी बायको काही बोलेना. पंख्याखालची जागा तिने आपणहून भाऊंना दिली. ताटात आधी त्यांना वाढून ती समोर बसून राहायची आणि ते बघतील तेव्हा दुसरीकडे बघायची. मेहुणा भेटायला आला, उगाचच पाठीवरून हात फिरवत म्हणाला, भाऊजी, माणूस तुम्ही सोन्यासारखे. जाताना दारातल्या सायकलकडे बघत विचारून गेला, ही हल्ली कुणी चालवतं का? भाऊंना वाटलं, दोन गोड शब्दांची किमया. हे आधीच का नाही केलं, असं ते स्वतःला विचारत होते. असले प्रश्न माणूस सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं तेव्हाच विचारतो.

टेबलाचे शेवटचे हात राहिले होते. त्या दुपारी भाऊंनी हात दिला, टाकीजवळ बसून डबा उघडला, आणि पोळीवर, फडक्यात नीट गुंडाळलेलं, सिगारेटचं नवं कोरं पाकीट. त्यांच्या नेहमीच्याच छापाचं. शेजारी काडेपेटी.

भाऊ बघतच राहिले. या बाईने एकदा अख्खं पाकीट साबणाच्या पाण्यात बुडवून वाळत घातलं होतं, चिमटे लावून. धुराच्या वासावरून तिने त्यांना थंडीत गॅलरीत जेवायला बसवलं होतं. आणि आज तिनेच? मग त्यांना वाटलं, आपलं खेकसणं घरीही पोचलं असणार. बाई म्हणाल्या ओढा, सुतार म्हणाला ओढा, आता हीही म्हणतेय, ओढा बाबा एकदाची आणि आम्हाला सोडवा. सगळ्यांना आपण धुरातलेच हवे आहोत. भाऊंना फार एकटं वाटलं. असं एकटं त्यांना पहिल्या दिवसांतही वाटलं नव्हतं. त्यांनी एक सिगारेट काढली, ओठांत धरली आणि काडी ओढली.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा होता. काडी हातात जळत असताना भाऊंनी तो उचलला.

"आज फोन नाही केलात," ती म्हणाली. मागे मशीनचा आवाज नव्हता.

"डबा उघडत होतो."

"मिळाली?"

"मिळाली. का ठेवलीस?"

ती म्हणाली, "ओढा तुम्ही. मी आता कधी अडवणार नाही. फक्त एकदा खरं सांगा मला. किती दिवस राहिलेत?"

भाऊंच्या डोक्यात त्या आठवड्यात टेबलाखेरीज काही नव्हतं. "दोन-तीन," ते म्हणाले. "पाऊस नाही आला तर."

पलीकडून जो हुंदका आला तो ऐकून भाऊ उभेच राहिले. काडी जळत बोटापर्यंत आली होती, बोट भाजलं, सिगारेट ओठांतून पडली. मग बायको रडत रडत बोलत गेली आणि भाऊंना कोडं उलगडत गेलं. डॉक्टरकडून आलेला नवरा काही नाही म्हणतो. दुसऱ्या आठवड्यापासून दिवसातून दहादा फोन करतो. भाजीला चांगलं म्हणतो, आवाजाला चांगलं म्हणतो. शहाण्या बाईने यातून दुसरं काय समजायचं? तिने आपल्या भावाला सांगितलं, त्यालाही तसंच वाटलं. शेवटी ती आयुष्यात पहिल्यांदा पानाच्या दुकानात गेली, यांची सिगारेट द्या म्हणाली. दुकानदाराने विचारलं, भाऊ बरेच दिवस दिसले नाहीत, बरे आहेत ना? सिगारेट ओढायलाही बाहेर पडवत नाही म्हणजे गोष्ट कुठवर गेली असेल, या विचाराने तिला रस्ताभर रडू आवरेना. जाणाऱ्या माणसाची एवढी एक आवड, तीही आपण जन्मभर हिसकावत राहिलो.

भाऊंनी घाईघाईने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, जिना, आजीबाई, ठसे, सगळं. मी मरत नाहीये गं, ते म्हणाले, मी सिगारेट सोडलीय. बायकोने नाक ओढलं आणि पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. इथवर ठीक होतं. पण मग तिने विचारलं की फोन का करत होतात, आणि भाऊ खरं बोलण्याच्या भरात होते.

"अगं, हात सुकेपर्यंत काहीतरी लागतं ना. पूर्वी सिगारेट असायची."

"म्हणजे सिगारेटीच्या जागी मी," ती म्हणाली, आणि फट्दिशी फोन ठेवला.

टेबल ओलं होतं. पायाशी सिगारेट पडली होती, डब्याशेजारी भरलेलं पाकीट होतं, आणि बोलायला कुणी नव्हतं. भाऊंनी परत फोन लावला, तिने घेतला नाही. पुन्हा लावला, नाही घेतला. सिगारेट सोडल्यापासून ही सगळ्यात वाईट घटका होती आणि ती त्यांची त्यांनाच काढायची होती. त्यांनी पाकीट फडक्यात जसं होतं तसं गुंडाळलं, गाठ मारली, वर दुसरी गाठ मारली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. तिने दुकानात जाऊन ती सिगारेट कशी मागितली असेल, तेच त्यांच्या डोळ्यांसमोर येत राहिलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण ते आत गेले नाहीत आणि त्यांनी बोट लावलं नाही.

मग कारखान्याच्या दारातून बायको आली. गळ्यात मोजपट्टी तशीच, ओढणीला टाचण्या लागलेल्या. बाई आणि मोठा सुतार पुढे झाले, पण तिचा चेहरा बघून दोघांनाही एकदम कामं आठवली. ती सरळ अंगणात आली, भाऊंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, तोंड उघडा. भाऊंनी उघडलं. तिने वास घेतला. बोटांचा घेतला. खाली पडलेली सिगारेट उचलून बघितली, ती पेटलेली नव्हती. मग ती टाकीच्या कट्ट्यावर बसली, मुद्दाम थोडी लांब.

बराच वेळ तिने रागाला वाट करून दिली. सगळं आयुष्य मी या धुराशी भांडले, आणि शेवटी तुम्ही मलाच त्याच्या जागी नेऊन बसवलंत. भावाला आता काय तोंड दाखवू? त्याने तर सायकलीला हवा भरायचा पंपसुद्धा आणून ठेवलाय. भाऊ ऐकत राहिले.

"सुरुवातीला तसंच होतं," ते शेवटी म्हणाले. "सिगारेट आठवू नये म्हणून करायचो फोन. पण आता फोन ठेवला ना, की तुझंच बोलणं डोक्यात राहतं. त्या पॅन्टवाल्याचं, चेनचं. इतकी वर्षं तू रोज काय करतेस ते मला माहीतच नव्हतं गं. मला आवडतं ते ऐकायला."

बायकोने मोजपट्टीची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली. "आत जा," ती म्हणाली. "तुमचा हात सुकला असेल."

"सुकू दे."

मोठा सुतार खिडकीआडून ऐकत होता. भाऊंच्या तोंडून असं वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याने नंतर कित्येक दिवस ते सगळ्यांना सांगितलं.

उठताना बायकोने पाकीट ताब्यात घेतलं आणि एक अट घातली. तल्लफ येते तोवर करा फोन, तोवर मी उचलेन. ती गेली की बंद. मला कामं पडलेली असतात, फोनवर बोलता बोलता चेन सरळ बसत नाही. भाऊंनी कबूल केलं.

टेबल हॉटेलात गेलं. त्यानंतर कितीतरी कपाटं आणि पलंग गेले. भाऊ तिसऱ्या मजल्यावर चढू लागले, धापेशिवाय नाही, पण भिंतीचा रंग न तपासता. मागून एखाद्याचा धूर आला की सुरुवातीला त्यांचं सगळं अंग तिकडे वळायचं, मग नुसती मान वळू लागली, मग तीही नाही. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की सिगारेटची आठवण शेवटची कधी झाली तेच आठवत नाही. हात दिल्यावर ते आता नुसते बसू शकायचे. हातांना काही नको होतं, तोंडाला काही नको होतं. फोन मात्र दर हाताला जायचा.

एका सकाळी असंच बोलणं चाललं होतं. एका बाईच्या कोटाचं अस्तर उसवलं होतं, बायको ते सांगत होती. सांगता सांगता मध्येच थांबली. मशीनही थांबलं.

"काय हो," ती म्हणाली, "अजून येते का तल्लफ? खरं सांगा."

भाऊंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. खोटं बोलून एकदा काय झालं होतं ते ते विसरले नव्हते.

"येते की," ते म्हणाले. "आज तर सकाळपासून येतेय."

पलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं. "मग बोला," ती म्हणाली.